हायव्होल्टेज लाइनचा रूट: आधी सातबारा, मग अँगल पॉइंट

ऑफिसात बसून रूट आखणारा एक आणि शेतात जाऊन बोलणी खाणारा दुसरा, अशी वाटणी ज्या प्रोजेक्टवर असते तिथे लाइन अडलीच म्हणून समजा. मी दोन्ही कामं केली आहेत. सर्व्हे टीममध्ये स्टाफ, म्हणजे मोजणीची पट्टी, धरण्यापासून सुरुवात, मग रूट सर्व्हे, आणि आता बरीच वर्षं आरओडब्ल्यू, म्हणजे जागा मोकळी करून घेणं, पंचनामे, भरपाई आणि त्यातून उठणारी भांडणं. माझा मुलूख माण, सांगोला, मंगळवेढा, तासगाव, कराड. उदाहरणं तिथलीच येतील. लाइन धरू २२० केव्ही डबल सर्किट, म्हणजे एकाच टॉवरवर दोन वाहिन्या, कारण जिल्ह्याच्या पातळीवर नव्या माणसाच्या हातात बहुतेक तीच पडते.

माझं म्हणणं एवढंच आहे की रूट आणि जमीन ही दोन कामं नाहीतच. नकाशावर तुम्ही जिथे रेघ वळवता, म्हणजे अँगल पॉइंट टाकता, तिथे कुणाचा तरी गट असतो. तो कुणाचा, त्यात काय लावलंय आणि त्या घरात वाटणी झाली आहे की नाही, हे वळवायच्या आधी माहीत हवं.

जमीन "जाते" म्हणजे काय जातं

शेतकऱ्याचा पहिला प्रश्न हाच असतो, त्यामुळे उत्तर तोंडपाठ ठेवा. लाइनसाठी जमीन संपादित होत नाही. सातबारा त्याच्याच नावावर राहतो, कसणं त्याचंच राहतं. आपल्याला मिळतो तो फक्त वापराचा हक्क: टॉवर उभा करायचा, वरून तारा न्यायच्या, देखभालीला यायचं. सबस्टेशनची गोष्ट वेगळी. तिथे जागा विकत घ्यावी लागते, सरकारी मिळवावी लागते किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घ्यावी लागते. ही दोन प्रकरणं गावात एकत्र सांगू नका. "सबस्टेशनवाल्यांना एकरी एवढे मिळाले" हे वाक्य पुढची सहा महिने पाठ सोडत नाही.

हक्क कशाच्या जोरावर? विद्युत कायदा २००३, कलम ६८ खाली ओव्हरहेड लाइनला शासनाची पूर्वमंजुरी आणि कलम १६४ खाली १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार. हल्ली शिकलेली पोरं सांगतात, "मॅडम, १८८५ चा कायदा रद्द झालाय." बरोबर आहे, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो रद्द केला. पण कलम १६४ खालच्या लाइनींपुरता त्याचा तिसरा भाग चालू ठेवलेला आहे. त्या भागातलं कलम १० सांगतं, कमीत कमी नुकसान करा आणि झालेल्याची पूर्ण भरपाई द्या. पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्सटाइल्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की हे अधिकार असताना जमीनमालकाची संमती कायद्याने लागत नाही. हा निकाल फाइलला असू द्या, खिशातून काढून शेतकऱ्याच्या तोंडापुढे धरू नका. संमती लागत नाही हे खरं असलं तरी पाणी पाजायला, ट्रॅक्टर द्यायला आणि रात्री साहित्यावर नजर ठेवायला तोच माणूस लागतो.

आता हिशेब. २२० केव्हीला ३५ मीटर रुंदीचा पट्टा धरतात. १३२ ला २७, ४०० ला ४६, ७६५ डबल सर्किटला ६७. म्हणजे २२० च्या एका किलोमीटरखाली साडेतीन हेक्टर येतात, साडेआठ एकरांहून जास्त. त्यात टॉवर मात्र तीनच, कारण दोन टॉवरमधलं अंतर साधारण ३५० मीटर.

केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के असं सुचवलं होतं. १४ जून २०२४ च्या सूचनांत ते २०० आणि ३० टक्के झालं, शिवाय टॉवरच्या जागेत चारही बाजूंनी एकेक मीटर जास्त धरायला सांगितलं. मार्च २०२५ मध्ये शहरी भागाचे टक्के आणखी वाढवले. या सूचना राज्य आपल्या शासन निर्णयाने लागू करतं, म्हणून तुमच्या लाइनला कोणत्या तारखेचा शासन निर्णय आणि कोणता दर लागू, हे जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी दरावर एकही बैठक घेऊ नका.

एक उदाहरण कागदावर करून बघा. दर हेक्टरी १० लाख समजा. टॉवरच्या चार पायांमधली जागा ८ बाय ८ मीटर, एकेक मीटर वाढवून १० बाय १०, म्हणजे १ आर. आपल्याकडचा जवळजवळ एक गुंठा. त्याची किंमत १० हजार, २०० टक्क्यांनी २० हजार. आणि ३५० मीटरच्या एका स्पॅनखालचा, म्हणजे दोन टॉवरमधला, पट्टा? १.२२५ हेक्टर, किंमत सव्वाबारा लाख, ३० टक्क्यांनी ३ लाख ६७ हजार ५००. सगळं गाव टॉवरवरून भांडतं आणि पैसा असतो तारांखाली. टॉवर ज्याच्या रानात नाही, नुसत्या तारा आहेत, तो बैठकीला येतच नाही आणि स्ट्रिंगिंगच्या, म्हणजे तारा ओढायच्या, दिवशी आडवा येतो. त्याला आधी भेटा.

दोन्ही टोकांपासून आत या

नवा माणूस दोन सबस्टेशनमध्ये सरळ रेघ मारतो आणि मधल्या डोंगराकडे बघत बसतो. डोंगराचं काही अवघड नसतं. अवघड असतात ते सबस्टेशनच्या गेटाबाहेरचे दोन किलोमीटर. तिथे आधीच चार लाइनी बाहेर पडलेल्या असतात, रस्त्याला लागून एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट पडलेले असतात, आणि सबस्टेशन आलं म्हणून जमिनीचा भाव चढलेला असतो. म्हणून आधी बे, म्हणजे सबस्टेशनात लाइन जोडायची जागा, कोणता मिळणार ते पक्कं करा, गॅन्ट्रीतून, म्हणजे तारा बांधायच्या लोखंडी चौकटीतून, कोणत्या दिशेने बाहेर पडायचं ते ठरवा, कोणती लाइन वरून आणि कोणती खालून ते बघा. जास्त व्होल्टेजची लाइन वर. ४०० च्या वरून २२० न्यायचा विचारही करू नका. दोन्ही टोकं सुटली की मग मधलं आखा.

मधल्या भागासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे टोपोशीट, सॅटेलाइट इमेज आणि गावनकाशे एकावर एक लावून तीन पर्याय काढा. तीन म्हणजे खरोखर तीन. एक आवडता आणि दोन नावापुरते असं केलंत तर मंजुरीच्या वेळी नव्हे, पण कोर्टात उघडं पडतं. प्रत्येक पर्यायाला लांबी, अँगल टॉवरची संख्या, वनजमीन, क्रॉसिंग, बागायत, घरं आणि किती गट कापले जातात हे लिहा. शेवटचा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. दोन किलोमीटर जास्त लांब पण निम्मे गट कापणारा रूट पुष्कळदा स्वस्त पडतो. माणमधल्या माळरानावर एक गट पाच-सहा एकरांचा सहज असतो. कृष्णाकाठी पाच-दहा गुंठ्यांच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीचा मालक निराळा.

मग पायी फिरा. सॅटेलाइटवर न दिसणाऱ्या गोष्टींची माझी यादी अशी: नवं शेततळं, बोअर, प्लॉटिंगचे दगड, वीटभट्टी, सुरुंग लावणारी खाण, पोल्ट्री, स्मशानभूमी, आणि बांधावरचा शेंदूर लावलेला दगड. हा शेवटचा दगड हसण्यावारी नेऊ नका. म्हसोबा चुकवायला नकाशावर दहा मीटर पुरतात, नंतर चुकवायला अख्खा गाव गोळा करावा लागतो. माहिती कुणाकडून काढायची? सरपंचाकडे रीतीसाठी जा. पण कुणाचं काय चाललंय हे कोतवालाला, पोलीस पाटलाला आणि गावच्या वायरमनला माहीत असतं. वायरमनला तर कुठल्या घरात दोन मीटर आहेत, म्हणजे चूल वेगळी झाली आहे, हेही ठाऊक असतं.

अँगल पॉइंट कुठे टाकायचा

सरळ जाणाऱ्या लाइनला ए टाइप टॉवर चालतो, तोही फक्त २ अंशांपर्यंत वळण घेतो. त्यापुढे १५ अंशांपर्यंत बी, ३० पर्यंत सी, ६० पर्यंत आणि डेड एंडला, म्हणजे लाइन संपते तिथे, डी. वळण वाढलं की लोखंड वाढतं आणि त्याहून जास्त काँक्रीट वाढतं. डी टाइपला ए टाइपच्या जवळजवळ दुप्पट लोखंड लागतं. म्हणून डिझाइनवाले वळणं कमी करा म्हणतात आणि गाववाले आमच्याकडून वळवा म्हणतात. मध्ये आपण.

अँगल पॉइंटचं फाउंडेशन मोठं, काम जास्त दिवस चालतं, आणि स्ट्रिंगिंगच्या वेळी तारा ओढायची यंत्रं तिथेच उभी राहतात. म्हणून अँगल पॉइंट शक्यतो रस्त्यालगत, पडीक किंवा जिरायत रानात, आणि एकाच खातेदाराच्या गटात टाका. उसाच्या मळ्यात मधोमध टाकलेला डी टाइप शेतकऱ्यालाही छळतो आणि तुम्हालाही. रूट सरळच्या सरळ जात असला तरी १५ स्पॅन किंवा ५ किलोमीटरला एक सेक्शन टॉवर, म्हणजे तारांचा ताण पेलून लाइनचे टप्पे पाडणारा टॉवर, लागतो. तो कुठे येणार हे आधीच ठरवून त्याचाही गट असाच निवडा.

एक वादाचा मुद्दा आहे, त्यावर माझं मत सांगते. आधीच्या लाइनीला खेटून नवी लाइन न्यावी की नाही? जंगलात न्यावी. गोव्यात मोलेच्या जंगलातून ४०० केव्हीची लाइन जाणार होती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये हीच शिफारस केली: नवा पट्टा तोडू नका, आधीच्या लाइनच्या पट्ट्यातून जा. झाडांच्या बाबतीत हे पटतं. शेतीत मात्र तोच नियम लावला की एकाच माणसावर तीन-तीन लाइनी येतात. सोलापूर जिल्ह्यात बघा. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन चालू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड उरलेल्या देशाशी जोडला गेला. अशा मोठ्या केंद्राभोवती लाइनी येतच राहतात. पहिल्या लाइनला ज्याने रान दिलं, त्याच्याच दारात दुसरा सर्व्हेवाला "इथे कॉरिडॉर आहेच" म्हणत उभा राहतो. रूट निवडताना "या गटावरून आधी लाइन गेली आहे का" असा रकाना ठेवा, आणि असेल तर शक्यतो चुकवा. डिझाइन ऑफिस कुरकुर करेल. करू दे.

टॉवर पुढे-मागे सरकतो, बाजूला नाही

हे वाक्य गावात दिवसातून अनेकदा म्हणावं लागतं. डिटेल सर्व्हे झाला की लाइनचा उभा छेद तयार होतो, आडवं माप १:२००० आणि उभं १:२००. त्यावर टॉवरच्या जागा ठरवतात. आता टेम्पलेटऐवजी, म्हणजे तारेच्या झोळाच्या साच्याऐवजी, सॉफ्टवेअर आहे, पण तत्त्व तेच: उन्हाळ्यात तार तापून कितीही लोंबली तरी खाली २२० ला निदान ७ मीटर मोकळे राहिले पाहिजेत, ४०० ला ८.८४.

शेतकरी म्हणतो, "टॉवर शेजाऱ्याच्या बांधाकडे सरकवा." लाइनच्या दिशेने सरकवायचा असेल तर अनेकदा जमतं. एक स्पॅन लहान, एक मोठा होतो, आणि कमी पडलेली उंची ३ किंवा ६ मीटरचं एक्स्टेंशन लावून भरून काढता येते. पण बाजूला सरकवायचा म्हणजे लाइन वाकवायची, म्हणजे ए टाइपच्या जागी बी टाइप, आणि तोही एक नाही: बाजूला काढलेली लाइन परत जागेवर आणायला आणखी वळणं लागतात, आणि त्या नव्या जागा दुसऱ्या कुणाच्या तरी रानात पडतात. हे बोलून कळत नाही. मी खिशात दोरा ठेवते. दोन काठ्या रोवायच्या, दोरा ताणायचा, मधली काठी पुढे-मागे करून दाखवायची आणि मग बाजूला ओढून दाखवायची. सांगोल्याकडे एका आबांनी दोरा स्वतः हातात घेतला, दोनदा ओढून बघितला आणि म्हणाले, "म्हंजी माझ्याकडचं काढून बापूच्या बोडक्यावर घालायचं व्हय?" तिथून पुढची बोलणी सोपी झाली.

"बांधावर घ्या" ही मागणी सगळीकडे येते. वरवर शहाणपणाची वाटते, पण टॉवरचे दोन पाय एका मालकाकडे आणि दोन दुसऱ्याकडे गेले की भरपाई वाटून जाते आणि भांडण मात्र दोन्ही घरांत सुरू होतं. त्यापेक्षा चारही पाय एकाच गटात, पण बांधापासून एवढे सोडून की ट्रॅक्टर औतासकट टॉवरमागून वळेल, किंवा मग बांधाला इतके लागून की मागे मुळीच वळावं लागणार नाही. मधलं अंतर वाईट. सहा फूट पट्टी राहिली की ती कायमची पड पडते, त्यात बाभळी उगवतात आणि शेतकरी रोज सकाळी ती बघून तुम्हाला आठवतो.

परवानग्या: लवकर अर्ज टाका

रेल्वे क्रॉसिंग शक्यतो काटकोनात, दोन्ही बाजूंना टेन्शन टॉवर, म्हणजे तारांचा ताण पेलणारे, आणि रुळाच्या मध्यापासून टॉवर निदान स्वतःच्या उंचीअधिक ६ मीटर लांब. मिरज-पंढरपूर मार्गासारखी साधी लाइन असली तरी कागद तेवढेच लागतात. राष्ट्रीय महामार्ग, पाटबंधारे, विमानतळाजवळ असाल तर विमानतळ प्राधिकरण, टेलिकॉमच्या तारांसाठी पीटीसीसी, म्हणजे वीज-टेलिकॉम समन्वय समिती. अर्ज आणि क्रॉसिंगचे ड्रॉइंग डिटेल सर्व्हे झाल्याच्या आठवड्यातच टाका, फाउंडेशन सुरू झाल्यावर नाही.

वनजमिनीचं सांगायचं तर सातबारावर "वन" लिहिलेलं असतंच असं नाही. कोकणात फेरफारात "खाजगी वने" शेरा शोधा. विदर्भात झुडपी जंगल दिसायला गायरान दिसतं, पण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वनच धरलं आहे. सोलापूरकडे नान्नजच्या बाजूला असाल तर माळढोक अभयारण्याची हद्द पहिल्याच दिवशी नकाशावर टाका. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर अर्ज, मग पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याची मंजुरी, यात किती महिने जातील हे तुमच्या हातात नाही. रूटचा चार टक्के भाग वनात असेल तर वेळापत्रक त्या चार टक्क्यांवर चालतं. शक्य तिथे वळसा घाला.

सातबारा वाचायचा म्हणजे

रूट पक्का झाला की पट्ट्यात येणाऱ्या प्रत्येक गटाचा सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा काढा. ऑनलाइन उतारा आता क्षणात मिळतो, त्यामुळे लोकांना वाटतं काम झालं. उताऱ्यावर नाव आजोबांचं, आजोबा जाऊन वीस वर्षं, वारस नोंद नाही. चार भावांची तोंडी वाटणी झालेली, टॉवर धाकट्याच्या वहिवाटीत, पण उताऱ्यावर चौघेही सामाईक. पैसे कुणाला? थोरला म्हणतो चार वाटे, धाकटा म्हणतो नुकसान माझं.

माझी पद्धत अशी. प्रत्येक गटाचं एक पान. वर उताऱ्यावरची नावं, खाली प्रत्यक्ष कोण कसतं त्याचं नाव, आणि मयत खातेदार असेल तर त्याच दिवशी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज घालायला लावायचं. बहिणींची नावं विसरू नका. पुण्यात नाहीतर वाशीत दिलेली बहीण सहीला लागते, आणि तिला कुणीच काही सांगितलेलं नसतं. इथे मी बाई असल्याचा उपयोग होतो हे खरं आहे; ओसरीवर पुरुषांची बैठक चालू असताना मी आत वहिनींजवळ बसते, आणि घरात नेमकं काय अडलंय ते तिथे कळतं. तुमच्या टीममध्ये एक तरी बाई घ्या. शोभेला नको, पंचनाम्याला.

वाटा ठरतच नसेल तर अडून बसायचं कारण नाही. टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६ मध्ये सोय आहे: पैसे कुणाला द्यायचे यावर वाद असेल तर रक्कम जिल्हा न्यायाधीशांच्या न्यायालयात जमा करता येते. हे घरात नीट समजावून सांगितलं की पुष्कळ भाऊ तीन दिवसांत एकत्र येतात, कारण कोर्टातून पैसे बाहेर काढायला काय लागतं ते सगळ्यांना माहीत असतं.

पैसे थेट खात्यात. चेक एजंटाच्या हातात नाही, रोख तर नाहीच. आणि कुणालाही गुपचूप जास्त दर नाही. तुम्ही दुपारी एकाला वाढवून दिलेत तर संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो आकडा दुप्पट होऊन फिरत असतो. दराचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि मोकळे व्हा.

पंचनामा

पीक आणि झाडांचं नुकसान तीन वेळा होतं: फाउंडेशनला, टॉवर उभारताना, तारा ओढताना. तिन्हीचे पंचनामे वेगळे. "शेवटी एकदम करू" म्हणणाऱ्या ठेकेदाराचं ऐकू नका, कारण शेवटी ज्वारी काढून झालेली असते आणि तिथे काय होतं ते दोघांनाही आपापल्या सोयीने आठवतं.

पंचनाम्याला शेतकरी, दोन पंच, महसूलचा माणूस, कृषी सहायक आणि आपण. फळझाडांचं मूल्यांकन कृषी विभागाकडून, सागासारख्या इमारती लाकडाचं वन विभागाकडून, घर-शेड असेल तर बांधकाम विभागाकडून. डाळिंबाच्या बागेत नुसती झाडांची संख्या लिहून भागत नाही. वय लिहा, बहार कोणता धरलाय ते लिहा. मृग बहार धरलेल्या बागेत ऑगस्टमध्ये गाडी घातली तर वर्षाचं उत्पन्न जातं. तीच गाडी बाग पाणी तोडून ताणावर सोडलेली असताना गेली तर नुकसान फांद्यांचं. ठिबकच्या नळ्या, पाइपलाइन, बांधाचे दगड, ताल, सगळं मोजा. पाइपलाइन जमिनीखाली कुठून जाते हे खोदायच्या आधी शेतकऱ्याला चुन्याने आखायला लावा. फोटो काढताना टॉवरचा नंबर लिहिलेली पाटी फोटोत येऊ द्या.

झाडं तोडण्याबाबत मात्र हात आखडता घ्या. डाळिंब, पेरू, लिंबू छाटून बुटके ठेवलेले असतात, ७ मीटरवरच्या तारेखाली ते बिनधास्त राहू शकतात. ठेकेदाराला सगळं सपाट हवं असतं कारण तारा ओढायला सोपं जातं. आंबा, नारळ, साग, निलगिरी ही तारेखाली चालत नाहीत. ऊस चालतो. द्राक्षबाग चालते, पण मांडवाच्या लोखंडी तारांत आणि लांबलचक कुंपणात इंडक्शनने, म्हणजे वरच्या लाइनमुळे न जोडता आलेल्या विजेने, झटका बसतो, म्हणून ते अर्थिंग करून द्या. तासगावकडे हे काम आम्ही भरपाईच्या बोलणीतच घालतो. लाइनखाली हातात धरलेली ट्यूबलाइट मिणमिणते, त्याचे व्हिडिओ पोरं तुम्हाला दाखवतील. हो म्हणा, का होतं ते सांगा, आणि घर त्या पट्ट्यात का बांधता येत नाही हेही तिथेच सांगा.

अडवणूक झाली तर

प्रकार दोन. एकाला पैसे कमी वाटतात, दुसऱ्याला टॉवरच नको असतो. पहिल्याला रस्ता मोकळा आहे: रक्कम उचल, हरकत नोंदव आणि जिल्हा न्यायालयात जास्त माग. २००७ च्या केरळ वीज मंडळ विरुद्ध लिविशा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जमीन कुठे आहे, तारा किती अंतरावरून आणि किती लांबीने जातात, तुकडा लहान आहे का, हे सगळं बघूनच भरपाई ठरवावी. हे शेतकऱ्याला आपणच सांगावं असं माझं मत आहे. वकिलाकडून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेलं बरं.

दुसऱ्या प्रकाराला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे कलम १६(१) खाली अर्ज. सुनावणी होते, आदेश निघतो, वेळ पडली तर बंदोबस्त मिळतो. पण बंदोबस्तात ओतलेल्या फाउंडेशनवर पुढे टॉवर उभारायला आणि तारा ओढायलाही बंदोबस्तच लागतो. अर्ज टाकण्याआधी निदान एकदा त्या घराच्या पाहुण्यांपैकी कुणाला तरी घेऊन जा. मामा असेल तर उत्तम.

कधी काम करायचं

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी फेब्रुवारीत निघते. तिथून मेअखेरपर्यंत रान मोकळं, नुकसान कमी. जून लागला की त्या मातीत क्रेन सोडा, मोटारसायकल जात नाही, आणि काळ्या मातीचं फाउंडेशन तसंही मुरमापेक्षा मोठं. कराडकडे ऊस तुटेल तसं घुसा, तोडीचा क्रम साखर कारखान्याच्या गट ऑफिसातून आधी घ्या. द्राक्षात माल उतरल्यावर आणि एप्रिल छाटणीच्या आधी जेमतेम पंधरवडा मिळतो; ती स्ट्रिंगिंगची वेळ. ठेकेदाराचं वेळापत्रक पिकांच्या तक्त्यावर बसवा. उलट करायला गेलात तर भरपाईचा खर्च दुप्पट.

तारा ओढून झाल्यावर

फोडलेले बांध परत घालून द्या, खड्ड्यातला मुरूम रानात पसरू नका, उरलेलं लोखंड आणि काँक्रीटचे गोळे उचला. लाइन चार्ज करण्याआधी वर्तमानपत्रात आणि ग्रामपंचायतीत जाहीर सूचना द्या, वाडी-वस्तीवर दवंडी. अमुक तारखेपासून तारांत वीज आहे, टॉवरवर चढू नका, जनावर बांधू नका.

आणि गटाची ती पानं देखभाल करणाऱ्या टीमकडे सोपवा. कुठे कोणतं झाड दरवर्षी छाटावं लागेल, कुठलं कुंपण अर्थ केलंय, कुणाची केस कोर्टात आहे, पाचट पेटवण्याआधी कुणाला फोन करायला सांगितलंय. उसाच्या फडाला लागलेल्या आगीच्या धुराने लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, आणि त्या वेळी शेतकऱ्याचा नंबर शोधत बसायला वेळ नसतो. नंबर घरातल्या दोघांचे घ्या. एक वर्षभरात बदललेला असतो.